परदेशी नोकरीआधीचे तीन रविवार: डिचोलीतील मार्गदर्शन वर्गाबद्दल, दोन वर्षांनंतर

परदेशी नोकरीसाठी निघालेल्या लोकांसाठी गोव्यात डिचोलीला एका देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीत) तीन रविवारांचा एक मार्गदर्शन वर्ग चालतो. फेब्रुवारी 2023 मध्ये मी त्या वर्गाला बसले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दाबोळी विमानतळावरून संयुक्त अरब अमिरातीतल्या शारजाला गेले. वर्ग संपला त्याच दिवशी अभिप्राय लिहून द्या असे तेथील बाईंनी सांगितले होते, पण मी तो तेव्हा दिला नाही. पोहायचे कसे हे काठावर बसून ऐकलेल्या माणसाने शिकवणाऱ्याविषयी काय सांगावे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. आता दोन वर्षे आणि काही महिने एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करून मी चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, घरी आले आहे, आणि त्या वर्गातले काय उपयोगी पडले, काय पडले नाही, हे जबाबदारीने सांगू शकते.

वर्ग चालवणारी माणसे दोन. एक या बाई, निवृत्त परिचारिका, ज्यांची सारी नोकरी आखातात गेली, आणि दुसरे सर, जे आधी बरीच वर्षे तारवार, म्हणजे जहाजावर नोकरीला, होते आणि नंतर एका हॉटेलच्या भांडारात काम करून परतले. शुल्क माझ्या वेळी 1,200 रुपये होते, त्यात तीनही दिवसांचे जेवण आणि मराठीत छापलेली एक वही. शिकवणे कोकणीतून, टिपणे मराठीतून, आणि फॉर्म जसे असतात तसे इंग्रजीतून. आम्ही सतरा जण होतो: सत्तरी, पेडणे आणि डिचोली या तीन तालुक्यांतले बहुतेक, दोघी परिचारिका, एक वीजतंत्री, चार-पाच मुले हॉटेलात लागणारी, आणि प्रयोगशाळेतली मी एकटीच.

पहिला रविवार कागदांचा. दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा उत्प्रवास मंजुरीची अट नसते, त्यामुळे माझे काम तुलनेने सोपे होते. ज्यांच्या पासपोर्टवर ही अट असते त्यांना आखातातील देशांसह एकूण 18 देशांत नोकरीला जाताना ई-मायग्रेट या सरकारी यंत्रणेतून मंजुरी घ्यावी लागते, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा काढावा लागतो, ज्याचा हप्ता दोन वर्षांसाठी 275 आणि तीन वर्षांसाठी 375 रुपये असतो, ही माहिती सरांनी नुसती सांगितली नाही तर संगणकावर संकेतस्थळ उघडून दाखवली. सत्तरीतल्या एका मुलाकडे त्याच्या एजंटाने नव्वद हजार रुपये मागितले होते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात, हे ऐकल्यावर त्या मुलाने तेथेच बसून नोंदणीकृत एजंटांच्या यादीत ते नाव शोधले. नाव नव्हते. जेवणाच्या सुटीत तो बराच वेळ बाहेर तुळशीवृंदावनाजवळ फोनवर बोलत होता, आणि परत आला तेव्हा त्याने आगाऊ रक्कम न देण्याचे ठरवले होते. या एका प्रसंगातच त्या वर्गाचे सतरा जणांचे शुल्क वसूल झाले असे मला वाटते.

माझ्यापुरता पहिल्या दिवसाचा सर्वांत मोठा लाभ करारपत्र वाचण्याचा होता. मला एकूण 5,000 दिरहम पगार देऊ केला होता आणि घरात सगळे त्या आकड्यावरच खूश होते. बाईंनी करारपत्रावर बोट ठेवून विचारले की यातला मूळ पगार किती. तो 2,000 होता, उरलेले सारे भत्ते. अमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे एक वर्ष पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्याला नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते, ती पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांच्या मूळ पगाराएवढी असते, त्यापुढील वर्षांसाठी 30 दिवसांच्या. भत्ते त्यात धरत नाहीत. म्हणजे माझ्या बाबतीत वर्षाला 1,400 दिरहम. बाईंच्या सांगण्यावरून मी दवाखान्याला अतिशय नम्र पत्र लिहिले, आणि एकूण आकडा तोच ठेवून मूळ पगार 2,800 करून घेतला, त्यामुळे तोच हिशेब वर्षाला 1,960 वर गेला. रक्कम फार मोठी नाही, पण करारपत्र ही वाचण्याची आणि बोलण्याची गोष्ट आहे, केवळ सही करण्याची नव्हे, हे मला त्या दिवशी कळले, आणि पुढे तेथे गेल्यावर कार्यालयातील एका अधिकाऱ्याने ‘सुरक्षित राहावा म्हणून’ माझा पासपोर्ट ठेवून घेतला तेव्हा तो कायद्याने ठेवता येत नाही, हे मी शांतपणे सांगू शकले. चौथ्या दिवशी तो परत मिळाला.

दुसरा रविवार राहणीमानाचा होता, आणि त्याविषयी माझे मत संमिश्र आहे.

बेडस्पेस म्हणजे काय, हे त्यांनी उत्तम समजावले. शारजा-दुबईत एकट्या नोकरदाराला स्वतंत्र खोली सहसा परवडत नाही, म्हणून एका खोलीत चार किंवा सहा खाटा आणि त्यातली एक आपली, अशी व्यवस्था असते. जागा बघायला जाताना खाटेपेक्षा आधी काय बघायचे याची बाईंची यादी मला अजून पाठ आहे: कपाटाला कुलूप आहे का, शीतकपाटात आपला कप्पा कोणता, सकाळी न्हाणीघराची पाळी कशी लावतात, आणि खोलीतल्या बायकांपैकी रात्रपाळी कोण करते. शेवटचा प्रश्न मला तेव्हा अनावश्यक वाटला होता. अल नाहदा भागात 800 दिरहमांची पहिली खाट घेतली तेव्हा मी तो विचारलाच नाही, आणि पहाटे साडेतीनला उठून दिवा लावणाऱ्या शेजारणीसोबत दोन महिने काढल्यावर त्याचे मोल समजले. त्या बिचारीचा काहीच दोष नव्हता, तिची पाळीच तशी होती.

जेवणाविषयी मात्र वर्गाने आम्हांला जुन्या काळात नेले. काय काय बांधून न्यावे याची जी लांबलचक यादी दिली ती बाईंच्या तरुणपणी योग्य असेल. आज शारजात केरळी दुकानांतून उकडे तांदूळ, कोकम, ओला नारळ, कढीपत्ता असे सगळे सहज मिळते. तीन किलो तांदूळ आणि दोन किलो डाळ मी उगाच वाहून नेली. खसखस अमिरातीत नेण्यास बंदी आहे ही सूचना मोलाची होती, कारण आमच्या शागोतीच्या मसाल्यात ती असतेच आणि आईने त्याप्रमाणे वेगळा मसाला कुटून दिला. खोकल्याची औषधे आणि वेदनाशामके यांतील कोडीन किंवा ट्रॅमाडॉलसारखी द्रव्ये तेथे नियंत्रित आहेत, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आणि आवश्यक ती पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय ती नेऊ नयेत, हेही त्यांनी नीट सांगितले. पण सुक्या खोबऱ्याविषयी कोणी काहीच बोलले नाही. तेल जास्त असल्यामुळे ते आपोआप तापू शकते, म्हणून हवाई वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. दाबोळीला सामान तपासताना बॅग उघडून खोबऱ्याच्या वाट्या बाहेर काढायला लावल्या, आणि आईने पाटावर बसून एकेक निवडून भरलेल्या त्या अठरा वाट्या तेथेच ठेवून मला आत जावे लागले. आई काचेपलीकडे उभी होती. तिला मी हे सहा महिन्यांनी सांगितले. वर्गाच्या वहीत ही एक ओळ असायलाच हवी होती, आणि यंदा भेटून ती मी त्यांना लिहून घ्यायला लावली आहे.

याच दुसऱ्या रविवारी एक तास अरबीचा होता. अंक, नमस्कार, धन्यवाद, डावीकडे-उजवीकडे असे तीसेक शब्द घोकून घेतले. शारजात बाजारहाट आणि बसप्रवास हिंदीवर निभावतो, कित्येक दुकानांत मल्याळम चालते, त्यामुळे त्या तासाचा मला रोजच्या वापरात फार उपयोग झाला नाही. मला हवे होते ते माझ्या टेबलाशी येणाऱ्या माणसाशी बोलायचे शब्द. मी पोहोचले तेव्हा रमजान चालू होता, सर्वांच्या कामाचे तास दोनने कमी झालेले, आणि तिसऱ्याच दिवशी एक वयस्क अरब आजी रक्त द्यायला आल्या. उपाशीपोटी आहात का, एवढेच मला विचारायचे होते, कारण उपाशीपोटीची साखर तपासायची होती, आणि ते मला सांगता येईना. शेवटी फिलिपिनो सहकारीण पुढे झाली आणि म्हणाली, ‘सायिमा?’ आजींनी हसून मान डोलावली आणि माझ्याकडे हात पुढे केला. उपवास करणारा तो सायिम, बाई असेल तर सायिमा. त्या दिवसापासून मी माझी स्वतःची वही केली: इब्रा म्हणजे सुई, तहलील म्हणजे तपासणी, आणि दम म्हणजे रक्त. आपल्याकडे ‘जरा दम धरा’ म्हणतो तसाच ऐकू येणारा शब्द तेथे रोज माझ्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांत येतो, याचे मला अजून नवल वाटते. ज्याने त्याने आपल्या धंद्याचे वीस शब्द आधी काढावेत आणि वर्गाने त्यांचा उच्चार शिकवावा, असे केले तर हा तास सार्थकी लागेल. परिचारिकेला लागणारे शब्द हॉटेलात ताटे लावणाऱ्याला नकोत, आणि उलटही.

आता तिसऱ्या रविवारविषयी, ज्यासाठी मी हा सारा अभिप्राय लिहीत आहे. त्या दिवशी प्रत्येकाने घरातले एक माणूस सोबत आणायचे असते. केंद्र सरकारचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण एका दिवसाचे असते आणि ते जाणाऱ्या माणसासाठी असते. मागे राहणाऱ्याला समोर बसवून शिकवणारा हा एकच वर्ग माझ्या पाहण्यात आहे. माझ्यासोबत आई आली. घरची कामे आटोपून, साखळीहून कदंबच्या बसने, हातरुमालात फोन गुंडाळून.

बाईंनी सुरुवात फोनापासून केली. अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून लिहिलेले आणि छायाचित्रे जातात, पण त्यावरून बोलता येत नाही. बोलण्यासाठी तेथे परवानगी असलेले बोटिमसारखे अॅप लागते. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे पहिल्या आठवड्यात कितीतरी घरांत घबराट होते, मुलगी फोन उचलत नाही म्हणून रडारड होते. बाईंनी सतराही घरच्या माणसांचे फोन हातात घेऊन ते अॅप घालून दिले. आईच्या फोनात जागा उरली नव्हती, तर देवदर्शनाची आणि मुहूर्ताची जुनी छायाचित्रे एकेक विचारून, ‘हे ठेवू की काढू’ असे म्हणत त्या अर्धा तास तिच्याशेजारी पाटावर बसल्या होत्या. मग आईने अग्रशाळेच्या एका टोकाकडून आणि मी दुसऱ्या टोकाकडून बोलून पाहिले. वेळेचा दीड तासाचा फरक तिच्या लक्षात राहावा म्हणून त्यांनी तिला सांगितले की तुमची रात्रीची आरती संपते तेव्हा मुलीकडे अजून संध्याकाळ असते. तिने मला अवेळी फोन करून कधी उठवले नाही.

त्यानंतर त्यांनी जे करायला लावले त्याला त्या ‘बोली’ म्हणतात. जाणारा आणि राहणारा यांनी समोरासमोर बसून ठरवायचे: आठवड्यातून किती वेळा बोलायचे, दरमहा किती पैसे यायचे आणि ते कशासाठी, चवथीला कोणत्या वर्षी यायचे आणि कोणत्या वर्षी नाही. आणि एक अट बाईंची, जी बदलता येत नाही: घरातले आजारपण लपवायचे नाही, आणि तिकडची अडचणही लपवायची नाही. ‘फट उलोवची न्हय,’ म्हणजे खोटे बोलायचे नाही, एवढेच त्या म्हणाल्या आणि थांबल्या. आपल्याकडे परदेशी असलेल्याला त्रास नको म्हणून घरची वाईट बातमी दडवून ठेवण्याची रीत आहे. आजी गेल्याचे दहाव्या दिवशी कळवतात. तिकडचा माणूसही पगार थकला तरी सगळे ठीक आहे म्हणतो. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे यामुळे दोन्हीकडची माणसे फोनवरच्या शब्दांवर विश्वास ठेवेनाशी होतात, आणि मग रात्री झोप लागत नाही, कारण ‘बरे आहे’ याचा अर्थ काय हे कुणालाच कळत नाही. आईने ही अट वहीत स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली. ती वही आमच्या देवघराशेजारच्या कपाटात अजून आहे.

जुलै 2024 मध्ये एका संध्याकाळी सहाच्या सुमारास आईचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखले, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) नेले आहे, अँजिओप्लास्टी करायचे ठरले आहे, भाऊ सोबत आहे, असे तिने एका दमात सांगितले आणि मग म्हणाली, ‘वहीत लिहिले होते म्हणून सांगते.’ मी त्या रात्री तिकीट काढले नाही. भावाशी आणि डॉक्टरांशी बोलले, अहवाल मागवून वाचले, आणि पुढच्या महिन्यात बाबांना औषधे सुरू झाल्यावर आठ दिवस घरी आले. दूर राहून हे सोसणे कठीण होते, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवसानंतर आई ‘सगळे बरे आहे’ म्हणते तेव्हा ते बरेच असते, हे मला ठाऊक आहे, आणि परक्या गावात स्वस्थ झोपण्यासाठी मला याहून अधिक उपयोगी काही मिळालेले नाही.

एकटेपणाविषयीही त्याच दिवशी बोलणे झाले. बाईंचा अनुभव असा की पहिले काही आठवडे नव्याच्या नवलाईत जातात आणि खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लागते. माझ्या बाबतीत ते सातव्या आठवड्यात आले, मे महिन्याच्या अखेरीस, जेव्हा बाहेर चालणेही उन्हामुळे अशक्य होत चालले होते. बाईंनी सांगितलेला उपाय साधा होता: एक दुकान असे करा की जेथे तुम्हांला ओळखतात, आणि एक वाट अशी करा की जी रोज चालता. माझी वाट अल मजाझच्या खाडीकाठची झाली, सूर्य बुडाल्यावर. माझे दुकान म्हणजे सौक अल जुबेलमधला मासळीचा एक ठेला. तेथला विक्रेता मला बघून आता बांगड्यांची टोपली पुढे सरकवतो, आणि मी हाताने कल्ले उघडून लाली बघते तेव्हा थांबतो. मापशाच्या बाजारात आई जशी बघते तशीच मी बघते, आणि महिनाभराने घरची आठवण येते ती अशा वेळी येते, पण ती छातीवर बसत नाही.

वर्गातील एक मोठी उणीव सांगितलीच पाहिजे, आणि ती पैशांची आहे. घरी पैसे कसे पाठवायचे हे शिकवले, पण खात्यांचे कोणी सांगितले नाही. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाने आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवायचे नसते. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे साधे खाते, करून घ्यावे लागते, आणि परदेशातील कमाईसाठी एनआरई खाते उघडता येते, ज्यावरचे व्याज भारतात करमुक्त असते. मला हे सव्वा वर्षाने एका सहकाऱ्याकडून कळले. तोवर मी जुन्याच खात्यात पैसे पाठवून त्यातून ठेवी केल्या होत्या. त्या निस्तरताना भावाला बँकेत पाच खेपा घालाव्या लागल्या आणि करमुक्त होऊ शकले असते त्या व्याजावर मला कर भरावा लागला. एक तास यासाठी दिला आणि एखाद्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याला बोलावले तर हे टळेल. दुसरे असे की सारी उदाहरणे पुरुषांची आणि लग्न झालेल्यांची होती. एकट्या मुलीने रात्री पाळी संपवून कसे परतावे, दुबईच्या मेट्रोत बायकांसाठी वेगळा भाग असतो, घरमालकाशी बोलताना कोणाला सोबत न्यावे, हे मी आणि त्या दोघी परिचारिकांनी जेवताना बाईंना विचारून घेतले. ते वर्गात, सर्वांसमोर सांगितले जायला हवे, कारण ते त्या मुलींच्या भावांनी आणि वडिलांनीही ऐकायला हवे.

जागेविषयी थोडे. अग्रशाळा हवेशीर आहे, पण पाटावर आणि चटईवर सहा तास बसणे वयस्कांना जड जाते. चार खुर्च्या असतात, त्या आधी येणाऱ्यांना मिळतात. जेवण साधे आणि मनापासून वाढलेले असते.

पुढच्या वर्गाची नोंदणी चवथीनंतर सुरू होते. शुल्क आता 1,500 रुपये झाले आहे आणि बँकेचा तास यंदापासून घेण्याचे सरांनी मला कबूल केले आहे. जाणाऱ्याने करारपत्राची प्रत, पासपोर्ट आणि स्वतःच्या कामातले वीस शब्द लिहून न्यावेत. तिसऱ्या रविवारी जो एकटा येतो त्याला बाई दारातूनच परत पाठवतात, घरचे माणूस घेऊन ये म्हणतात; आमच्या वेळी पेडण्याच्या एका मुलाला तसे पाठवले होते, आणि तो दुपारी अडीच वाजता आपल्या आजोबांना मोटरसायकलवर मागे बसवून परत आला होता.